नाव, पत्ता आणि पगार

(वर्तकनगर, ठाणे इथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'अमेरिकेतला वर्णभेद आणि आर्थिक विषमता'. आपण बसलोय वर्तकनगरमध्ये. इथे बसून अमेरिकेची चर्चा कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्त आहे. मी काही इतिहासकार नाही, अर्थतज्ज्ञही नाही. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरची नोकरी करतो. पण अमेरिकेतल्या काळ्या माणसाची गोष्ट वाचायला लागलो तेव्हा तिच्यात मुंब्रा दिसलं, भिवंडी दिसली. ते तुमच्यासमोर मांडतो. पटलं नाही तर शेवटी भांडायला वेळ ठेवलाय.

आणि अमेरिकेकडे बघण्याची महाराष्ट्राला सवय जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. हेच ते जोतीराव, ज्यांची सुटलेली शाळा पुन्हा सुरू व्हावी म्हणून मुन्शी गफार बेग यांनी त्यांच्या वडिलांची समजूत घातली होती. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी काळ्यांचे मोठे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. दलित चळवळीनं हा आरसा कायम हाताशी ठेवला. आपल्या मोहल्ल्यांत तो फारसा पोचला नाही.

माझा प्रश्न साधा आहे. माणूस गरीब असतो म्हणून त्याला कमी लेखतात, की त्याला कमी लेखतात म्हणून तो गरीब राहतो? आपल्याकडे याची दोन उत्तरं ऐकायला मिळतात. घरातले मोठे सांगतात, शिका, कमवा, मग कुणी जात-धर्म विचारत नाही. नाक्यावरचे मित्र सांगतात, कितीही शिक, नाव वाचलं की फाईल खाली जाते. अमेरिकेचा इतिहास नीट वाचला तर दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत हे कळतं.

कापसाचा धागा

सुरुवात कापसापासून करू. अमेरिकेतली गुलामगिरी हा केवळ द्वेषाचा मामला नव्हता, तो धंदा होता. काळ्या माणसाला फुकट राबवून दक्षिणेतल्या मळ्यांत कापूस पिकायचा. तो जहाजानं इंग्लंडला, लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा. त्या गिरण्यांचं स्वस्त कापड हिंदुस्थानच्या बाजारात यायचं. त्या कापडानं कुणाचं कंबरडं मोडलं? उत्तर हिंदुस्थानातल्या हातमागावर बसलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांचं. १८५७ च्या उठावानंतरची दडपशाही आणि मोडलेला धंदा यातून हे विणकर घरदार सोडून निघाले. त्यातले कितीतरी मालेगावला आले, भिवंडीला आले. आज भिवंडीत पॉवरलूमवर बारा-बारा तास उभा राहणारा जो माणूस आहे, त्याच्या पणजोबाचा माग आणि जॉर्जियातल्या गुलामाची पाठ एकाच धाग्यानं बांधलेली होती.

पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरला आपल्या वऱ्हाड-खानदेशाचा, गुजरातचा कापूस लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले शेअर बुडाले. म्हणजे अमेरिकेतला वर्णभेद आणि आपल्याकडची कमाई यांचं नातं दीडशे वर्षांपूर्वीच जुळलेलं आहे.

हे सांगायचं कारण असं की भेदभाव हा नुसता मनातला विकार आहे असं आपण धरून चालतो. चार चांगली व्याख्यानं दिली, ईदला शिरखुर्मा वाटला की तो जाईल, असं वाटतं. शिरखुर्मा जरूर वाटा. पण ज्या भेदभावातून कुणाची तरी कमाई होते, तो शिरखुर्म्यानं जात नाही. स्वस्त मजूर हवा असेल तर काही माणसं कमी दर्जाची आहेत असं आधी ठरवावं लागतं. त्यांना कमी पैसे देणं मग कुणाच्या मनाला टोचत नाही.

सुटका झाली, जमीन मिळाली नाही

१८६५ साली सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले. मुक्त झाले म्हणजे काय झाले? अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आले. त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मन यांनी हुकूम काढला होता की दक्षिण किनाऱ्यावरची काही जमीन या कुटुंबांना ४० एकरपर्यंत वाटून द्यावी. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षात ती जमीन जुन्या मालकांना परत केली. कालचा गुलाम उद्याचा बटाईदार झाला. जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, दुकान मालकाचं आणि वही लिहिणाराही मालकच.

त्याआधीची एक गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १८६२ साली राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी संपवली, तेव्हा सरकारनं भरपाई दिली. कुणाला? मालकांना, एका गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. ज्यांची पिढ्यान् पिढ्या मजुरी बुडाली त्यांच्या हाती त्या हिशेबातलं काही पडलं नाही.

आपल्या देशात २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत याच धोक्याची सूचना दिली होती. राजकारणात एक माणूस एक मत येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मताचा हक्क मिळणं आणि पोटाची हमी मिळणं यातलं अंतर त्यांना दिसत होतं.

लाल रेघ

आता मुद्द्याच्या मध्यावर येऊ. कायद्यानं समान झालेला काळा माणूस पुढची शंभर वर्षं मागे का राहिला? याचं एक मोठं उत्तर आहे घर.

१९३० च्या दशकात मंदी आली तेव्हा अमेरिकी सरकारनं घरकर्जाची व्यवस्था उभी केली. त्या काळात दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे तयार झाले. कोणती वस्ती कर्ज देण्यालायक आणि कोणती धोक्याची, हे रंगानं दाखवलं. धोक्याच्या वस्त्या लाल रंगात. काळ्या लोकांची वस्ती बहुतेक लालच. घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी संस्थेचे नियमही त्याच विचारानं चालले. दुसऱ्या महायुद्धानंतर गोऱ्या कामगारानं स्वस्त हप्त्यावर उपनगरात घर घेतलं. वीस-तीस वर्षांत त्या घराची किंमत वाढली. त्यावर मुलांची कॉलेजं झाली, धंदे उभे राहिले, म्हातारपण निघालं. तेवढीच मेहनत करणारा काळा कामगार भाडं भरत राहिला. घरासाठीचा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा १९६८ साली झाला. पण तोवर एक पिढी घर नावाची शिडी चढून गेली होती आणि दुसरी खालीच होती.

आजचे आकडे बघा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची एकूण मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर, तर मधल्या काळ्या कुटुंबाची सुमारे ४५ हजार डॉलर. सहापटीहून जास्त फरक. आज सगळे कायदे समान आहेत, तरी हा फरक आहे, कारण पगार दर महिन्याला येतो आणि मालमत्ता आजोबांकडून येते.

आता ठाण्याकडे वळा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या मिश्र वस्त्यांतून मुसलमान कुटुंबं बाहेर पडली आणि मोठ्या संख्येनं मुंब्रा-कौसाला आली. १९९१ ला ४५ हजारांच्या आसपास असलेलं मुंब्रा लाखोंचं झालं. माणसं आली, पण त्यांच्या मागोमाग पाणी, शाळा, दवाखाना, बँक त्या वेगानं आली नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. काही बँका ठरावीक भाग 'नकारात्मक क्षेत्र' मानतात आणि तिथे कर्ज व इतर सुविधा सहज मिळत नाहीत, हे त्यात नोंदवलेलं आहे. अमेरिकेची लाल रेघ आणि आपलं हे नकारात्मक क्षेत्र, शब्द वेगळे, काम तेच.

बँकेचीही एक बाजू आहे, ती सांगायला हवी. बँक म्हणते, इमारत अनधिकृत आहे, कागद नाहीत, कर्ज कसं देऊ? बरोबर आहे. पण माणूस अनधिकृत इमारतीत का जातो? कारण अधिकृत इमारतीत त्याला घर मिळत नाही, किंवा परवडत नाही. मग रोख पैसे देऊन तो कागद नसलेलं घर घेतो. कागद नाहीत म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून पुन्हा कागद नसलेलं घर. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ अशीच एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्यात मजूर होते, गरीब भाडेकरू होते, लेकरं होती. घर मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न नुसता मानापमानाचा नसतो, कधी कधी तो जिवाचा असतो.

आणि अधिकृत घर का मिळत नाही? ठाण्यात भाड्याचं घर शोधलेल्या इथल्या प्रत्येकाला एजंटची ती वाक्यं पाठ असतील. 'सोसायटीचा नियम आहे हो.' 'मालकांना व्हेजच हवेत.' 'आधी नाव सांगायचं ना.' मीही ऐकलीत. पगाराची स्लिप हातात असते, डिपॉझिट तयार असतं, आणि बोलणं नावापाशी थांबतं. खाजगी मालकानं धर्मावरून घर नाकारलं तर त्याला थेट हात घालणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा सोसायटीचा नियम मान्य केला.

इथे वर्तकनगरचं एक सांगायला हवं. ही वसाहत म्हाडाची आहे. म्हाडाच्या सोडतीत नंबर लागतो तो अर्जाचा. उत्पन्न गट बघतात, आरक्षण बघतात, पण 'आमच्या मजल्यावर तुमच्यासारखे नकोत' असं म्हणायला तिथे मालकच नसतो. म्हणून सार्वजनिक घरबांधणी हा गरिबांचा जितका प्रश्न आहे, तितकाच तो एकत्र राहण्याचाही प्रश्न आहे. जुन्या इमारती पाडून टॉवर होतात तेव्हा एफएसआयची चर्चा होते. नव्या टॉवरमधली घरं कुणाला मिळणार आणि कोणत्या नियमानं, हेही आपण विचारलं पाहिजे.

नावाची किंमत

नोकरीचं बघू. अमेरिकेत दोन अर्थतज्ज्ञांनी एक साधा प्रयोग केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव तोडीस तोड. फरक नावाचा. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोरी वाटणारी नावं, काहींवर लकिशा, जमाल अशी काळी वाटणारी. गोऱ्या नावांना बोलावणी दीडपट आली.

तसाच प्रयोग आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत केला, २००७ साली तो छापून आला. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुसलमान नावांनी तोडीस तोड पात्रतेचे अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, आणि मुसलमान नावाला साधारण एक तृतीयांश.

म्हणून 'शिका, मग कुणी विचारणार नाही' हे अर्धवट उत्तर आहे. हे सगळे अर्जदार शिकलेलेच दाखवले होते. आणि हा भेदभाव फक्त त्या दिवशी नोकरी नाकारून थांबत नाही. मोहल्ल्यातला एक शिकलेला मुलगा दोन वर्षं घरी बसला की त्याला बघून दहा बाप ठरवतात, पोराला दहावीनंतर गॅरेजमध्ये लावू. मग लोक म्हणतात, यांना शिक्षणाची आवडच नाही. भेदभावातून गरिबी आली, गरिबीतून कमी शिक्षण आलं, आणि कमी शिक्षण बघून भेदभाव रास्त ठरला. चक्र पूर्ण.

यंत्राला नाव कळत नाही, पत्ता कळतो

हा भाग माझ्या धंद्यातला आहे. आजकाल कर्ज द्यायचं की नाही, अर्ज पुढे पाठवायचा की नाही, हे आधी संगणक चाळतो. लोक म्हणतात, बरं झालं, यंत्राला धर्म नसतो. खरंय, नसतो. पण यंत्र शिकतं जुन्या नोंदींवरून. समजा आम्ही नावाचा रकाना काढून टाकला. पिनकोड राहिला. इथला ४००६०६, मुंब्र्याचा ४००६१२. शहरं जर धर्मानं वाटली गेली असतील, तर पिनकोड म्हणजेच नाव. शाळेचं माध्यम, शाळेचं नाव, वडिलांचा धंदा, प्रत्येक रकान्यातून नाव डोकावतं. जिथे वीस वर्षं कर्जच दिलं नाही, तिथे कर्ज फेडल्याच्या नोंदी कुठून येणार? नोंद नाही म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून कर्ज नाही.

अमेरिकेत २०१६ साली पत्रकारांनी दाखवून दिलं की अॅमेझॉनची त्याच दिवशी सामान पोचवण्याची सेवा अनेक शहरांत काळ्यांची वस्ती असलेले पिनकोड सोडून चालली होती. बॉस्टनमध्ये तर चहूबाजूंनी सेवा आणि मधला रॉक्सबरी भाग वगळलेला. कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही वर्ण बघितला नाही, ग्राहकांची संख्या बघितली. आणि तेच तर दुखणं आहे. कुणी द्वेष न करताही जुना अन्याय पुढे चालू राहतो. बोभाटा झाल्यावर तिथे सेवा सुरू झाली. तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी मीटिंगमध्ये एवढा एक प्रश्न जरूर विचारावा: या मॉडेलमध्ये पिनकोड का आहे? असे प्रश्न बाहेरच्या मोर्चाला दिसत नाहीत, आत बसलेल्यालाच दिसतात.

पैसा आला की इज्जत येते का?

१९२१ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ग्रीनवूड नावाची काळ्यांची भरभराटीची वस्ती होती. दुकानं, हॉटेलं, डॉक्टर, वकील, वर्तमानपत्रं. म्हणजे शिका आणि कमवा, हे त्यांनी करून दाखवलं होतं. ३१ मे आणि १ जूनला गोऱ्या जमावानं ती वस्ती जाळली. सुमारे ३५ चौक बेचिराख झाले. विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली.

भिवंडीनं १९७० ची दंगल बघितली, १९८४ ची बघितली. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मदन आयोगानं केली. माणसं गेली, त्यांची भरपाई कशानंच होत नाही. पण त्यासोबत माग जळाले, दुकानं जळाली. वीस वर्षांत जमवलेलं भांडवल एका रात्रीत जातं आणि कुटुंब पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. म्हणून सुरक्षितता हा आर्थिक प्रश्नही आहे. कायद्याचं संरक्षण नसेल तर कमाई म्हणजे वाळूवरची भिंत.

गरीब गोऱ्याचं काय?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मनापासून ऐकला पाहिजे. गरीब तर सगळ्यांतच आहेत. गोरा गरीब नाही का? मराठा शेतकऱ्याचा मुलगा बेकार नाही का? वागळे इस्टेटमधले कारखाने बंद पडले तेव्हा रस्त्यावर आलेला कामगार काय फक्त मुसलमान होता?

अगदी खरं. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली यावरच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या मजुराला पगार कमीच मिळत होता, पण त्यासोबत त्याला एक वेगळी मजुरी मिळत होती, काळ्यापेक्षा वरचढ असल्याच्या मानाची. त्या मानाच्या बदल्यात त्यानं काळ्या मजुरासोबत एकजूट करणं सोडलं, आणि दोघांचाही पगार कमी राहिला. फायदा झाला मालकाचा.

आपल्याकडे हे रोज दिसतं. ज्या मुलाला नोकरी नाही, त्याच्या हातात कुणीतरी द्वेषाचा मेसेज देतं. त्या दिवसापुरतं त्याला मोठं झाल्यासारखं वाटतं. नोकरी मात्र मिळत नाही ती नाहीच. तो मुलगा आपला शत्रू नाही, त्याचीही फसवणूक चालू आहे. हे त्याला समजावून सांगायचं तर त्याच्या बेकारीबद्दल आपल्याला खरी आस्था हवी. फक्त आपल्या तक्रारींची यादी घेऊन गेलो तर तो का ऐकेल?

मार्टिन ल्यूथर किंग हे जाणून होते. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचं नावच 'रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी' असं होतं. मोर्चा लक्षात राहिला तो भाषणामुळे, रोजगार शब्द मागे पडला. १९६८ साली ते सगळ्या वर्णांच्या गरिबांचं आंदोलन उभं करत होते. त्याच वेळी मेम्फिसमध्ये सफाई कामगारांचा संप चालू होता. १ फेब्रुवारीला कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते, त्यातून सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर लिहिलेलं होतं, 'मी माणूस आहे'. मागणी पगाराची, युनियनला मान्यतेची, आणि फलक माणूसपणाचा. रोजी आणि इज्जत वेगळी काढता येत नाही, हे त्या एका फलकात आहे. किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथेच त्यांचा खून झाला.

आपल्या घरातलं

आता थोडं कडू. आपण काळ्या अमेरिकनांसारखे आहोत, असं सरसकट म्हणणं प्रामाणिक नाही. आपल्यात नवाब होते, जमीनदार होते, मोठे व्यापारी होते आणि आहेत. पण बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, कुरेशी, मोमीन, फकीर, छप्परबंद यांनी कधी कुणावर राज्य केलं? 'तुम्ही आमच्यावर राज्य केलंत' हे पिंजाऱ्याच्या पोराला ऐकवणं जितकं खोटं, तितकंच आपल्यात जातच नाही असं म्हणणंही खोटं. मशिदीत एका सफेत उभे राहतो, हे आपलं मोठं बळ आहे. पण सोयरीक ठरवताना बिरादरी आठवते.

महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली, तिच्यासाठी दिलीपकुमार यांनी सभा घेतल्या, आणि १९९४ साली मागास मुस्लिम जातींना ओबीसी सवलती देण्याचा शासन निर्णय निघाला. त्यातून कितीतरी मुलं-मुली डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक झाली. आजही अनेक घरांत 'आपण शेख आहोत' म्हणून दाखला काढत नाहीत आणि मुलाची जागा जाते. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, दलित मुसलमान आणि दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आणि २०१४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं अध्यादेशानं मुसलमानांतल्या मागासांना ५ टक्के आरक्षण दिलं. मुंबई उच्च न्यायालयानं नोकऱ्यांतलं थांबवलं पण शिक्षणातलं चालू राहू दिलं. तरीही अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो विरला.

तसंच बहिणींचं. बाहेर आम्हाला नावावरून नोकरी नाकारतात अशी तक्रार करायची, आणि घरात बहिणीला 'आपल्यात पोरी नोकरी करत नाहीत' म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडानं चालणार नाही. एका पगारावर चालणारं घर दोन पगारांच्या घराच्या मागेच राहणार, हा साधा हिशेब आहे.

मग करायचं काय?

चार कामं सांगतो. चारही या सभागृहातल्या माणसांना जमण्यासारखी आहेत.

पहिलं, कागद. ओबीसीत येणाऱ्या प्रत्येक घराचा जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर, उत्पन्नाचा दाखला तयार हवा. शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची कर्जं यांचे अर्ज भरून द्यायला रविवारी दोन तास बसणारे दहा जण हवेत. केंद्रानं २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केली. जे शिल्लक आहे ते तरी वाया जाऊ देऊ नका, आणि जे गेलं ते परत मागा.

दुसरं, नोंद. अमेरिकेत अन्याय मोजला गेला म्हणून तो नाकारता आला नाही. आपण सांगतो ते किस्से, आणि किस्सा कुणीही झटकून टाकतो. घर नाकारलं, तर तारीख, भाग, भाडं, दिलेलं कारण लिहून ठेवा. माहितीच्या अधिकारात वॉर्डनिहाय विचारा: महापालिकेच्या शाळा किती, दवाखाने किती, सरकारी बँकांच्या शाखा किती, त्यांनी कर्ज किती दिलं. मुंब्रा आणि घोडबंदर रोड शेजारी शेजारी मांडा. तक्ता आपोआप बोलेल.

तिसरं, कायद्याची मागणी. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं वर्ण आणि धर्मावरून नोकरी नाकारणं बेकायदा ठरवलं, आणि तक्रारी ऐकायला वेगळा आयोग नेमला. आपल्याकडे सच्चर समितीनं समान संधी आयोग सुचवला, माधव मेनन समितीनं २००८ साली त्याचा मसुदाही दिला. तो कायदा झाला नाही. हा आयोग फक्त मुसलमानांसाठी नाही. दलित, आदिवासी, अपंग, एकट्या राहणाऱ्या बायका, ईशान्येकडून आलेली मुलं, ज्यांना ज्यांना घर आणि काम नाकारलं जातं त्या सगळ्यांसाठी आहे. उमेदवार मत मागायला येईल तेव्हा गटार-नळाबरोबर हाही प्रश्न विचारा.

चौथं, सोबत. एकट्या मुसलमानांनी हा प्रश्न मांडला तर तो 'त्यांचा' प्रश्न होतो. ठाण्यात सफाई कामगार आहेत, घरकामगार बायका आहेत, डिलिव्हरी करणारी मुलं आहेत, पुनर्विकासात अडकलेली म्हाडाची कुटुंबं आहेत. त्यांच्या मोर्चात आपण आधी जाऊ. आपली माणसं त्यांना दिसू देत, आपल्या मुद्द्याची पाळी नंतर येईल.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. गरिबी आधी की भेदभाव आधी, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. दोघं एकमेकांना पोसतात. म्हणून 'आधी कमवू, मग हक्काचं बघू' असंही चालत नाही, आणि 'आधी हक्क, मग अभ्यास' असंही नाही. दोन्ही कामं एकाच आठवड्यात, एकाच माणसानं करायची आहेत. दाखल्यांच्या कामासाठी नावं लिहून घ्यायला दाराजवळ वही ठेवली आहे. चहा घेता घेता आपलं नाव आणि मोबाईल नंबर लिहा. पत्ता लिहायची गरज नाही.